मेरीहिल ते न्यूटनग्रेंज : स्कॉटलंडच्या खेड्यांतील मद्यपानविरोधी चळवळ

ग्लासगो शहराच्या वायव्येला असलेले मेरीहिल आज शहराचाच एक भाग आहे. परंतु १८२९ साली ते कालव्याच्या काठी वसलेले स्वतंत्र खेडे होते, आणि ब्रिटनमधील अगदी पहिल्या मद्यपानविरोधी संघटनांपैकी एक याच खेड्यात स्थापन झाली. या चळवळीचे नाव काढले की आपल्यासमोर बहुधा व्यासपीठावरून पापपुण्याचे पाढे वाचणारा धर्मोपदेशक उभा राहतो. असे उपदेशक पुढे पुष्कळ झाले, पण आरंभ त्यांनी केला नाही. तो ग्रीनॉक या बंदरातल्या एका वकिलाने आणि मेरीहिलमध्ये राहणाऱ्या त्याच्या मावशीने केला. वकिलाचे नाव जॉन डनलॉप आणि मावशीचे लिलियस ग्रॅहम. या दोघांनी सुरुवातीलाच जी गोष्ट ओळखली होती ती पुढच्या शंभर वर्षांत चळवळीच्या हातून अनेकदा निसटली, असे मला या इतिहासाच्या वाचनातून ठामपणे वाटू लागले आहे, आणि त्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

आधी या खेड्याविषयी. गेअरब्रेड नावाची एक जमीनदारी मेरी हिल या स्त्रीकडे वारसाने आली होती. तिचा नवरा कॅप्टन रॉबर्ट ग्रॅहम. जमीन होती, पण पैसा नव्हता. फोर्थ अँड क्लाइड कालवा त्यांच्या जमिनीतून गेला तेव्हा कुठे त्यांच्या हाती थोडी रक्कम आली, आणि १७९३ साली त्यांनी वस्तीसाठी भूखंड देताना अशी अट घातली की या गावाला कायम मेरीहिल याच नावाने ओळखले जावे. गावाला जमीनदारीणबाईंचे नाव राहिले ते असे. कालव्यावरचे लॉक (पाण्याची पातळी वरखाली करून बोटी चढवणारे, दारे असलेले टप्पे), केल्व्हिन नदीवरून कालवा पलीकडे नेणारा चार कमानींचा दगडी पूल, बोटी बांधण्याची गोदी, नदीच्या खोऱ्यातले कापड धुण्याचे, रंगवण्याचे आणि छापण्याचे कारखाने, ही या गावाची उपजीविका होती. लॉकमध्ये पाणी भरून बोट वर चढेपर्यंत नावाड्यांना थांबावे लागे, आणि जिथे माणसे थांबतात तिथे गुत्ता उभा राहतोच. कामगार बहुतेक बाहेरून आलेले. काही डोंगराळ भागातले, काही आयर्लंडमधले. त्यांना नात्यागोत्याचा आधार नव्हता आणि कामाखेरीज बसाउठायला दुसरी जागाही नव्हती.

त्यातच १८२३ साली सरकारने दारू गाळण्याविषयीचा कायदा बदलला. चोरटी भट्टी बंद पडावी म्हणून व्हिस्कीवरचे शुल्क निम्म्याहूनही खाली आणले गेले. परिणामी परवानाधारक भट्ट्या वाढल्या, व्हिस्की स्वस्त झाली, आणि काही वर्षांतच अधिकृतपणे कर भरलेल्या व्हिस्कीचा खप दुपटीच्याही पुढे गेला. यातला काही भाग पूर्वी चोरून विकल्या जाणाऱ्या दारूचाच होता हे खरे असले, तरी दारू पूर्वीपेक्षा हाताशी आली होती यात शंका नाही. ग्लासगोला कॅट्रिन सरोवराचे स्वच्छ पाणी १८५९ साली मिळाले, हेही ध्यानात ठेवायला हवे. त्याआधीच्या काळात विहिरीचे किंवा नदीचे पाणी पिणे हा आरोग्याशी खेळ होता, आणि १८३२ च्या पटकीच्या साथीने ते सर्वांना भयंकर रीतीने पटवून दिले. ज्या समाजात पाणी घातक आणि व्हिस्की स्वस्त, त्या समाजाला ‘पिऊ नका’ एवढेच सांगणे पुरेसे कसे ठरणार?

डनलॉपचा जन्म १७८९ चा. शिक्षणाने वकील, स्वभावाने धार्मिक, आणि ग्रीनॉकमध्ये न्यायदंडाधिकारी म्हणून काम केलेले असल्यामुळे दारूचे दुष्परिणाम रोज समोर पाहणारा. १८२८ साली तो फ्रान्सच्या प्रवासाला गेला. फ्रेंच लोक धर्माच्या बाबतीत आपल्यापेक्षा सैल आहेत, अशी त्याची इतर स्कॉट लोकांसारखीच समजूत होती. प्रत्यक्षात त्याला असे दिसले की तिथे वाइन घरोघर असूनही रस्त्यावर झिंगून पडलेली माणसे त्याच्या देशाच्या मानाने फारच थोडी आहेत. इतकी चर्चवर निष्ठा असलेला, घरोघर बायबल वाचणारा आपला देश या बाबतीत मागे का, हा प्रश्न घेऊन तो परतला. अमेरिकेत १८२६ साली बॉस्टन येथे मद्यपानविरोधी संस्था निघाली होती आणि तिच्या कामाची माहिती त्याने मिळवली. १८२९ च्या शरद ऋतूत मेरीहिल आणि ग्रीनॉक या दोन्ही ठिकाणी संघटना उभ्या राहिल्या, आणि मेरीहिलच्या कामात लिलियस ग्रॅहम यांनी स्त्रियांना एकत्र आणले.

या स्त्रियांच्या सहभागाकडे इतिहासलेखनात घाईने पाहिले जाते, असे मला वाटते. लिलियस ही त्या मेरी हिलचीच मुलगी. गावाची जमीन तिच्या घराण्याची, आणि ती स्वतः अविवाहित. तिने शब्द टाकला की गावात त्याला वजन होते. पण केवळ जमीनदारीमुळे हे काम झाले असेल असे नाही. त्या काळच्या स्कॉटलंडमध्ये पाहुणा घरी आला की बाटली पुढे करणे हे घरच्या बाईचे कर्तव्य मानले जाई. वैद्य आला, धर्मोपदेशक भेटीला आला, मोठी धुलाई करायला बाई आली, शेजारीण विचारपूस करायला आली, तरी घोटभर व्हिस्की दिली नाही तर घर कंजूष ठरे, आणि पाहुण्याने नाकारली तर तो यजमानिणीचा अपमान ठरे. पुरुषाने गुत्त्यात जायचे की नाही हे त्याच्या मनावर असेल, पण घरातल्या टेबलावर बाटली येणार की नाही हे स्त्रीच्या हाती होते. मेरीहिलच्या स्त्रियांनी एकत्र येऊन आपल्या घरी ही रीत पाळायची नाही असे ठरवणे म्हणजे त्या साखळीची पहिली कडी काढून टाकणे होते. एकटीने तसे केले असते तर ती गावात बदनाम झाली असती. सगळ्यांनी मिळून केल्यावर कोणीच बदनाम होत नव्हते. संघटनेची गरज मुळात यासाठी होती.

डनलॉपने या रीतींचा जो अभ्यास केला तो माझ्या मते या सगळ्या चळवळीतली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. १८३९ मध्ये त्याचा जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्यात त्याने धंद्याधंद्यांतून चालणाऱ्या सक्तीच्या मद्यपानाच्या चालीरीती नोंदवल्या आहेत. नवा उमेदवार, म्हणजे शिकाऊ कामगार, कामाला लागला की त्याने सगळ्यांना दारू पाजायची. उमेदवारी संपली की पाजायची. एका बाकावरून दुसऱ्या बाकावर बदली झाली, लग्न झाले, पहिले मूल झाले, नवा कोट शिवला, तरी पाजायची. कामात बारीकशी चूक झाली, मेणबत्ती विझवायची राहिली किंवा हत्यार जागेवर ठेवले नाही, तर दंड. आणि दंडाची रक्कम जमली की तिची व्हिस्की. जो नाही म्हणेल त्याची हत्यारे नाहीशी होत, त्याने केलेले काम रातोरात बिघडवले जाई, त्याच्याशी कोणी बोलत नसे. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला यातून सुटका नव्हती, आणि त्याच्या आईवडिलांना त्याच्या पहिल्या दिवसाच्या दारूसाठी उसनवारी करावी लागे.

पगाराची पद्धत तर याहून वाईट होती. अनेक ठिकाणी मुकादम कामगारांचा पगार गुत्त्यातच वाटत असे. काही ठिकाणी चार-पाच कामगारांच्या मजुरीची मिळून एकच मोठी नोट हाती दिली जाई. ती मोडायची कुठे? शनिवारी संध्याकाळी सुटे पैसे भरपूर असलेला माणूस गावात एकच, गुत्तेवाला. आणि तो सुटे देताना एखादी फेरी तरी व्हावी अशी अपेक्षा ठेवी. घरी वाट पाहणाऱ्या बाईपर्यंत पोहोचण्याआधीच मजुरीचा काही भाग असा गळून जात असे. यात कोणी व्यसनी असण्याची आवश्यकताच नव्हती. चांगला, कष्टाळू, कुटुंबवत्सल माणूससुद्धा या व्यवस्थेत दर आठवड्याला पिई, आणि त्यातले काही जण पुढे व्यसनाच्या गर्तेत जात.

अंत्ययात्रेच्या चालीही अशाच. मृताच्या घरी जमलेल्या लोकांपुढे ब्रेड किंवा केक आणि त्याबरोबर व्हिस्की, रम, वाइन अशा फेऱ्या होत, प्रत्येक फेरीआधी धर्मोपदेशक प्रार्थना म्हणे, आणि गरीब विधवेच्या घरीसुद्धा या फेऱ्या चुकवणे शक्य नसे. अंत्यसंस्काराच्या पेल्याने घर कर्जात बुडावे, हे वाचताना मला रायगड-ठाणे पट्ट्यातल्या हळदीच्या रात्री आठवल्या, जिथे यजमानाने दारूची सोय केली नाही तर नाक कापले जाते असे मानणारी माणसे अजून आहेत, आणि त्याच पट्ट्यात हळदीला दारू ठेवायची नाही असे ठराव करणारी गावेही आहेत. एकट्या यजमानाला जे जमत नाही ते गावाने मिळून ठरवल्यावर जमते, हेच मेरीहिलमध्ये घडत होते.

पहिली शपथ मात्र अर्धवट होती. ती केवळ गाळीव दारूविरुद्ध, म्हणजे व्हिस्की, रम, ब्रँडी यांच्याविरुद्ध होती. बिअर आणि वाइन माफक प्रमाणात चालत असे. ग्लासगोचा प्रकाशक विल्यम कॉलिन्स याने या शपथेच्या प्रचारासाठी पत्रके छापली, भाषणे दिली, लंडनपर्यंत जाऊन तिथल्या संस्थेच्या स्थापनेला हातभार लावला. पण कामगारांनी यातली विसंगती लगेच हेरली. साहेबाच्या टेबलावरची वाइन निर्दोष आणि मजुराच्या हातची व्हिस्की सदोष, हा न्याय कुठला, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो बिनतोड होता. इंग्लंडमधल्या प्रेस्टन शहरात १८३२ साली जोसेफ लिव्हझी आणि त्याच्या सोबत्यांनी कोणतेही मादक पेय न घेण्याची शपथ घेतली, आणि काही वर्षांतच ही संपूर्ण वर्ज्यतेची लाट स्कॉटलंडच्या खेड्यांत पोहोचली. तिच्याबरोबर चळवळीचे नेतृत्वही बदलले. वकील, प्रकाशक, जमीनदारीण यांच्या जागी विणकर, चांभार, खाणकामगार आले, आणि त्यांतले कितीतरी जण स्वतः पूर्वी पिणारे होते.

पुढच्या चाळीस वर्षांत एखाद्या खेड्यात चळवळ कशी दिसे? आठवड्यातून एका संध्याकाळी सभागृहात चहा आणि गोड पाव, त्यानंतर गाणी, एखादे भाषण, आणि शेवटी शपथपत्रावर सह्या. १८४७ साली लीड्समध्ये सुरू झालेली ‘बँड ऑफ होप’ ही मुलांची संघटना स्कॉटलंडमध्ये झपाट्याने पसरली. मुलांसाठी जादूच्या कंदिलाने भिंतीवर चित्रे दाखवली जात, आणि थंडीच्या दिवसांत गरम चहा, प्रकाश आणि चित्रे हे सगळे एकत्र मिळण्याची खेड्यातली ती एकमेव जागा असे. १८६९ मध्ये अमेरिकेतून ‘गुड टेम्प्लर्स’ ही संघटना आली. तिच्या शाखांत स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने सभासदत्व आणि पदे मिळत, जे त्या काळी अन्यत्र दुर्मीळ होते. शाखेची बैठक नियमांनी चाले: प्रस्ताव मांडणे, अनुमोदन देणे, इतिवृत्त लिहिणे, हिशेब ठेवणे. मजूर पक्षाच्या संस्थापकांपैकी एक असलेला केअर हार्डी लॅनार्कशरच्या खाणीत लहानपणापासून राबलेला. तोही तरुणपणी याच संघटनेत होता. खाणकामगारांची सभा चालवायला लागणारे कौशल्य तिथल्या अनेकांनी दारूविरोधी शाखेत मिळवले. माझ्या लेखी हा चळवळीचा सर्वांत दूरगामी परिणाम आहे.

आता कायद्यांकडे. १८५३ च्या फोर्ब्स मॅकेंझी कायद्याने स्कॉटलंडमधले गुत्ते रविवारी पूर्ण बंद झाले आणि इतर दिवशी रात्री अकरानंतर बंद करावे लागले. हॉटेलांना मात्र खऱ्याखुऱ्या प्रवाशाला रविवारीही दारू देण्याची मुभा होती. त्यामुळे रविवारी दुपारी एका खेड्यातले पुरुष चालत शेजारच्या खेड्यातल्या हॉटेलात जात आणि तिथे प्रवासी म्हणून नोंदले जात, तर त्या खेड्यातले पुरुष याच कारणासाठी उलट दिशेने येत. रविवारची पबबंदी जवळपास सव्वाशे वर्षे, थेट १९७० च्या दशकापर्यंत टिकली.

मोठा कायदा आला तो १९१३ साली. त्याने प्रत्येक पॅरिशच्या (ग्रामीण प्रशासकीय भागाच्या) आणि शहरातल्या प्रत्येक प्रभागाच्या मतदारांना स्वतःच्या भागातल्या दारूच्या दुकानांविषयी मत देण्याचा अधिकार दिला. दहा टक्के मतदारांनी मागणी केली की मतदान घ्यावे लागे, आणि मतपत्रिकेवर तीन पर्याय असत: आहे तसेच चालू द्यावे, परवाने एक चतुर्थांशाने कमी करावेत, किंवा सगळे परवाने बंद करावेत. पूर्ण बंदीसाठी झालेल्या मतदानापैकी ५५ टक्के मते हवीत, आणि शिवाय ती मते एकूण मतदारांच्या ३५ टक्के तरी भरायला हवीत, अशी दुहेरी अट होती. आपल्याकडे महाराष्ट्रात गावातल्या महिला मतदानाने दुकान बंद करतात, ‘आडवी बाटली’ जिंकली म्हणून गुलाल उधळला जातो, त्याचीच ही थोरली बहीण म्हणता येईल, आणि निम्म्यांच्या मतावर प्रश्न न सोडता अधिक कडक अट घालण्याची प्रवृत्तीही दोन्हीकडे सारखीच आहे.

युद्धामुळे पहिले मतदान १९२० च्या अखेरीस झाले. बहुसंख्य ठिकाणी लोकांनी ‘आहे तसेच’ यालाच कौल दिला. पूर्ण बंदी स्वीकारणारे भाग सुमारे चाळीस निघाले. ग्लासगोच्या ईशान्येकडची किर्किंटिलॉक आणि किलसाइथ ही गावे त्यांत होती, आणि तिथली बंदी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकली. उत्तरेकडचे विक हे हेरिंग मासेमारीचे बंदर १९२२ ते १९४७ कोरडे होते. तिथे १९२१ च्या सुमारास मासेमारी करणाऱ्या समाजात धार्मिक पुनरुज्जीवनाची लाट आली होती, आणि हेरिंगचा धंदाही बसला होता. त्याच १९२२ सालात डंडी शहरात एडविन स्क्रिमजर या कट्टर दारूबंदीवाद्याने संसदेच्या निवडणुकीत विन्स्टन चर्चिलचा पराभव केला. दारूबंदीच्या पक्षातर्फे ब्रिटिश संसदेत निवडून गेलेला तो एकमेव माणूस.

या कोरड्या गावांना मी कमी लेखत नाही. पण मतदानाची मर्यादा उघड होती. गावाची हद्द संपली की पुढच्या गावात पब उघडाच होता, आणि बस सुरू झाल्यावर तर ते अंतर आणखी कमी झाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मतपेटीला दुकान दिसते, चाल दिसत नाही. शिकाऊ उमेदवाराने पहिल्या दिवशी सगळ्यांना पाजायची की नाही, पगार कुठे आणि कसा वाटायचा, यावर मत घेतले जात नाही. डनलॉपने नोंदवलेल्या चालींपैकी ज्या खरोखर मोडल्या त्या मोडण्याची कारणे वेगळी होती: गुत्त्यात पगार वाटण्यावर आलेली कायदेशीर बंदी, मजूर संघटनांच्या सभा पबमधून बाहेर पडणे, आणि मेरीहिलच्या त्या स्त्रियांसारख्या असंख्य गटांनी आपापसांत केलेले करार.

या सगळ्यात एका खाणगावाने तिसराच मार्ग घेतला, आणि त्याविषयी सविस्तर लिहायलाच हवे. एडिनबराच्या दक्षिणेला न्यूटनग्रेंज नावाचे गाव आहे. १८९० मध्ये लोथियन कोल कंपनी स्थापन झाली आणि तिने तिथे लेडी व्हिक्टोरिया नावाची सुमारे ५०० मीटर खोल खाण खोदली. खाणीबरोबर विटांच्या एकसारख्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. रस्त्यांना नावे द्यायचीही तसदी कंपनीने घेतली नाही. पहिला रस्ता, दुसरा रस्ता, तिसरा रस्ता असे आकडेच दिले. घर कंपनीचे, काम कंपनीचे, आणि मंगो मकाय नावाचा व्यवस्थापक १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत जवळपास अर्धशतक या सर्वांवर नजर ठेवून होता. बाग नीट ठेवली नाही, भांडण केले, दारू पिऊन गोंधळ घातला, तर माणसाला त्याच्या कचेरीत उभे राहावे लागे आणि प्रसंगी घर सोडावे लागे.

अशा गावात पब असावा की नाही? स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात १८६५ पासून एक पद्धत चालू होती. दारूचे परवाने खासगी व्यापाऱ्याला न देता एका विश्वस्त कंपनीला द्यायचे; भागधारकांना ठरावीक मर्यादेपर्यंतच लाभांश द्यायचा, आणि उरलेला सगळा नफा सार्वजनिक कामावर खर्च करायचा. फाइफमधल्या हिल ऑफ बीथ या खाणगावात १८९६ साली स्कॉटलंडमधला असा पहिला पब निघाला, आणि न्यूटनग्रेंजमध्ये १८९९ मध्ये ‘डीन टॅव्हर्न’ सुरू झाला. स्कॉटलंडमध्ये लाभांशाची मर्यादा पाच टक्के असे. व्यवस्थापकाला पगार ठरावीक. दारू जास्त खपवल्याबद्दल त्याला काहीही मिळायचे नाही, फार तर जेवण आणि मद्यविरहित पेयांच्या विक्रीवर. जुगार नाही, उधारी नाही, जाहिरात नाही, लोकांना रेंगाळायला लावणारा थाट नाही. ज्याचे पोट दारूच्या खपावर अवलंबून आहे असा माणूसच गल्ल्यावर बसवायचा नाही, हे त्यामागचे साधे तत्त्व होते. नफ्यातून या खाणगावांत रस्त्यावरचे दिवे, परिचारिका, वाचनालय, बोलिंग खेळण्याची हिरवळ, बाग, बँड अशा सोयी झाल्या. नगरपालिका नसलेल्या वस्तीत या गोष्टी दुसऱ्या कोणी केल्या नसत्या.

संपूर्ण वर्ज्यतेच्या बाजूचे लोक या प्रयोगावर तुटून पडले. पबला सोज्वळ रूप देऊन तुम्ही त्याला प्रतिष्ठा देत आहात, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या मते त्यांच्या टीकेतला एक भाग अगदी खरा आहे. गावची बाग आणि गावचा बँड बिअरच्या विक्रीवर चालू लागला की बिअरची विक्री घटावी असे मनापासून कोणाला वाटणार? आणि न्यूटनग्रेंजच्या बाबतीत दुसरीही अडचण होती. ज्या कंपनीने मजुरी दिली तीच कंपनी घरभाडे घेई, आणि तिच्याच छायेतल्या पबमध्ये त्या मजुरीतला काही भाग परत येई. गावाला बाग मिळाली, पण ती कुठे आणि कशी असावी हे ठरवण्यात खाणकामगाराचा वाटा फार थोडा होता.

तरीही हा प्रयोग मला पूर्ण बंदीपेक्षा डनलॉपच्या विचाराला अधिक जवळचा वाटतो. उधारी बंद करणे, विक्रेत्याचा खपातला स्वार्थ काढून घेणे, जेवण आणि बसायला नीट जागा देणे, या प्रत्येक गोष्टीत माणसाच्या इच्छाशक्तीपेक्षा त्याच्या भोवतालची व्यवस्था बदलण्यावर भर आहे. मेरीहिलच्या स्त्रियांनी घरातल्या टेबलापुरते जे केले होते ते इथे पबच्या गल्ल्यापुरते झाले. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की मेरीहिलमध्ये निर्णय त्या स्त्रियांनी स्वतः घेतला होता आणि न्यूटनग्रेंजमध्ये तो वरून आला.

मेरीहिल १८५६ मध्ये स्वतंत्र नगर झाले आणि १८९१ मध्ये ग्लासगोत सामील झाले. मतदानाने दारू बंद करण्याचा अधिकार १९७६ च्या परवाना कायद्याने संपला, आणि त्याच कायद्याने रविवारी पब उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. लेडी व्हिक्टोरिया खाण १९८१ मध्ये बंद पडली. तिच्या इमारतींत आता स्कॉटलंडचे राष्ट्रीय खाण संग्रहालय आहे. डीन टॅव्हर्न मात्र अजूनही एका विश्वस्त संस्थेच्या मालकीचा आहे आणि त्याच्या उत्पन्नातून गावातल्या संस्थांना मदत दिली जाते. २०१८ पासून स्कॉटलंडमध्ये मद्याच्या प्रत्येक एककाला (म्हणजे दहा मिलिलिटर शुद्ध मद्यार्काला) किमान किंमत ठरवून देणारा कायदा लागू आहे: आधी ५० पेन्स, आणि २०२४ च्या सप्टेंबरअखेरपासून ६५ पेन्स. स्वस्त दारू महाग केली की खप घटतो, या हिशेबावर तो उभा आहे, आणि १८२३ च्या शुल्ककपातीनंतर जे घडले ते पाहता तो हिशेब मला योग्य वाटतो. पण पबमध्ये पाच मित्र बसले की प्रत्येकाने आळीपाळीने सगळ्यांसाठी एकेक फेरी मागवायची, आणि आपली पाळी येण्याआधी कोणी उठायचे नाही, ही रीत त्या देशात आजही चालू आहे. तिच्यावर किमान किमतीचा कायदा चालत नाही, आणि डनलॉपच्या यादीत तिला नक्कीच जागा मिळाली असती.